यंत्र नवे, हात जुना : काडतुसांच्या घरगुती पुनर्भरणात प्रेस बदलताना

काडतुसाचे पुनर्भरण म्हणजे एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी जपून ठेवणे आणि तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे होय. या चार घटकांपैकी प्रायमर म्हणजे पुंगळीच्या तळाशी बसणारी, आघात होताच पेटणारी छोटी टोपी. दारू म्हणजे पेटल्यावर वेगाने वायू निर्माण करणारी धूररहित भुकटी. गोळी म्हणजे त्या वायूच्या दाबाने नळीतून बाहेर फेकला जाणारा धातूचा तुकडा. आणि पुंगळी म्हणजे या तिघांना एकत्र धरून ठेवणारे पात्र. पहिले तीन घटक एकाच बारात खर्ची पडतात. पितळाची पुंगळी मात्र दाबाखाली ताणली जाऊन चेंबरला, म्हणजे काडतूस ज्या पोकळीत बसते तिच्या भिंतीला चिकटते आणि दाब ओसरताच किंचित आकसते, त्यामुळे ती पुन्हा मूळ मापाला आणून अनेकदा वापरता येते.

हा उद्योग मुख्यत्वे अमेरिकेतील आहे. तेथील संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही, विक्रीसाठी ती तयार करावयाची झाल्यास मात्र उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. भारतातील स्थिती याच्या अगदी उलट आहे : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि म्हणून येथे येणारे विवेचन भारतात घरी करून पाहण्यासाठी नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. मराठी वाचकाला नेमबाजीची ओळख प्रामुख्याने राही सरनोबत किंवा स्वप्निल कुसाळे या कोल्हापूरच्या नेमबाजांमुळे आहे. परंतु २५ मीटर पिस्तूल आणि ५० मीटर रायफल या त्यांच्या प्रकारांत वापरले जाणारे .२२ चे काडतूस पुनर्भरणाच्या कक्षेत येतच नाही, कारण त्यात पेटणारे मिश्रण वेगळ्या प्रायमरमध्ये नसून पुंगळीच्या तळाच्या दुमडलेल्या काठात भरलेले असते आणि बार उडताना तोच काठ चेपला जातो. पुनर्भरण होते ते तळाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर असलेल्या काडतुसांचे. अमेरिकेत स्थायिक होऊन या छंदाकडे वळलेल्या मराठी माणसांना, आणि एका यंत्रावर हात बसल्यावर दुसऱ्या यंत्राकडे जाताना काय घडते याचे कुतूहल असलेल्या कोणाही वाचकाला, प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आलेला एक अनुभव व त्यातून निघालेले नियम उपयोगी पडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रेस आणि तिचे प्रकार

पुनर्भरणाच्या यंत्राला प्रेस म्हणतात. तिचा मूळ घाट साधा आहे : हँडल खाली ओढले की रॅम, म्हणजे पुंगळी धरणारा जाड पोलादी दट्ट्या, वर चढतो आणि पुंगळी वर बसवलेल्या डायमध्ये शिरते. डाय म्हणजे पुंगळीवर एखादी ठरावीक क्रिया करणारा साचा. एक डाय फुगलेली पुंगळी मापाला आणून जुना प्रायमर बाहेर ढकलतो, दुसरा तिचे तोंड किंचित फुलवतो, तिसरा गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवतो आणि चौथा फुलवलेले तोंड पुन्हा दाबून सरळ करतो, ज्याला क्रिंप असे म्हणतात. एकाच डायच्या साध्या प्रेसवर एका वेळी एकच क्रिया होते, त्यामुळे शंभर पुंगळ्यांवर पहिली क्रिया उरकून मग दुसरी सुरू करावी लागते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये मात्र रॅमच्या डोक्यावर शेलप्लेट नावाची गोल चकती असते, तिच्या कडेच्या खाचांत एकाच वेळी चार, पाच किंवा अधिक पुंगळ्या उभ्या राहतात, आणि हँडलच्या एका ओढीत प्रत्येक स्थानावरील पुंगळीवर त्या त्या स्थानाची क्रिया होते; त्यानंतर चकती एक घर पुढे सरकते, आणि चकती एकदा भरली की प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते.

एवढ्या गतीची गरज हौशी शिकाऱ्याला सहसा नसते, ती प्रामुख्याने स्पर्धक नेमबाजाला असते. १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया, मिसूरी येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघाच्या धर्तीवर चालणाऱ्या स्पर्धांत खेळाडू धावत-थांबत अनेक लक्ष्यांवर बार टाकतो, आणि त्यासाठी वर्षभराच्या सरावात हजारो काडतुसे खर्च होतात. शिवाय या स्पर्धांत काडतुसाचा जोर एका गुणांकाने मोजला जातो : गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदाला फुटांमधील तिचा वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागल्यास जो आकडा येतो तो अमेरिकी संघटनेच्या नियमांत कनिष्ठ वर्गासाठी किमान १२५ आणि वरिष्ठ वर्गासाठी साधारणतः किमान १६५ असावा लागतो. ग्रेन हे या क्षेत्रातील वजनाचे एकक असून ७,००० ग्रेन मिळून एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा. आपल्या पिस्तुलाला मानवेल आणि या आकड्याच्या थोडेसेच वर राहील असे काडतूस स्वतः घडवता येणे हेच स्पर्धकाच्या लेखी पुनर्भरणाचे मोठे आकर्षण आहे.

प्रोग्रेसिव्ह प्रेसचे पुन्हा दोन प्रकार पडतात, आणि या लेखाचा सारा भार त्या भेदावर आहे. काही यंत्रांत शेलप्लेट दर ओढीनंतर हाताने फिरवावी लागते; चार स्थानांची डिलन ५५० ही या प्रकारातील सर्वपरिचित प्रेस होय. इतर यंत्रांत ती हँडलच्या हालचालीबरोबर आपोआप फिरते. पाच स्थानांच्या डिलन ७५० आणि हॉर्नडी लॉक-एन-लोड एपी या अशा प्रेस आहेत, आणि त्यांपैकी दुसरीत चकती अर्धी हँडल खाली जाताना व अर्धी वर येताना सरकते. दोन्ही प्रकार दीर्घकाळ वापरात आहेत आणि दोहोंवर उत्तम काडतुसे तयार होतात. प्रश्न एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या माणसाचा आहे. प्रस्तुत लेखकाने वापरलेल्या दोन यंत्रांची नावे पुढे दिलेली नाहीत, कारण जे घडले त्यात यंत्राचा दोष नव्हता.

सवयीतला पहारा

हाताने फिरवायच्या प्रेसवरील सर्वांत भयावह चूक म्हणजे दुहेरी भरणा. दारू पडल्यावर चकती फिरवायचे राहून गेले आणि हँडल पुन्हा ओढले गेले, तर त्याच पुंगळीत दारूचे दुसरे माप पडते. ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी अमेरिकेतील उत्पादकांच्या प्रमाणन संस्थेने, म्हणजे १९२६ साली स्थापन झालेल्या सामीने, ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. दुप्पट दारूने निर्माण होणारा दाब दुपटीवर थांबत नाही, तो त्याहून पुष्कळ पुढे जातो, कारण बंदिस्त जागेत दाब वाढला की दारू जळण्याचा वेगही वाढत जातो. या भीतीने त्या प्रेसवर काम करणाऱ्याच्या अंगी एक शिस्त आपसूक येते : डाव्या हाताने चकती फिरवताना नजर पुंगळीच्या तोंडाकडे जाते आणि दारूची पातळी क्षणभर दिसते. ही पाहणी कोणी वेगळी शिकवलेली नसते. चकती फिरवण्याच्या हालचालीतच ती मुरलेली असते.

आपोआप फिरणारी प्रेस घेतली जाते ती बव्हंशी या दुहेरी भरण्यापासून सुटका व्हावी म्हणून, आणि ती सुटका खरोखरच बऱ्याच अंशी होते. परंतु चकती फिरवण्याचे काम हातातून गेले की त्याच्याबरोबर ती नजरही जाते, आणि रिकामा झालेला डावा हात गोळ्यांच्या डब्याकडे वळताच डोळेही त्याच्यामागून तिकडेच वळतात. नव्या यंत्राने एक काम काढून घेतले, पण त्या कामाच्या आड दडलेला पहाराही उठवून लावला, हे नवखेपणी लक्षात येत नाही; उलट गती वाढल्याचा आनंद एवढा असतो की काही कमी झाले आहे अशी शंकाही येत नाही.

याहून घातक फरक अडखळण्याच्या क्षणी दिसतो. हाताने फिरणाऱ्या प्रेसवर हँडल मध्येच अडले, तर ते मागे घेऊन अडथळा काढून पुन्हा ओढणे ही रीत असते, कारण मागे घेतल्याने पुंगळी जागेवरच राहते. दारू पडून गेली होती की नव्हती, एवढेच तेथे पाहावे लागते. आपोआप फिरणाऱ्या बहुतेक प्रेसवर मात्र रॅम पुरेसा वर चढून मग खाली आला की चकती पुढे सरकते; क्रिया पुरी झाली की अर्धवट राहिली, याच्याशी तिला कर्तव्य नसते. दारूमाप, म्हणजे दर ओढीला दारूचे ठरावीक माप पुंगळीत सोडणारे उपकरण, रॅम अगदी वर पोहोचल्यावरच आपले माप पूर्ण सोडते. म्हणून अर्ध्यावरून मागे घेतलेल्या ओढीत दुसऱ्या स्थानावरील पुंगळी दारू न घेताच तिसऱ्या स्थानावर जाते. जुन्या यंत्रावर जी हालचाल सुरक्षिततेची होती, तीच नव्या यंत्रावर अपघाताचे बीज पेरते. जुने यंत्र दुप्पट भरण्याच्या बाजूला चुकते, तर नवे न भरण्याच्या बाजूला.

एका संध्याकाळचे काम

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे हाताने फिरणाऱ्या चार स्थानांच्या प्रेसवर काम केल्यानंतर आपोआप फिरणारी पाच स्थानांची प्रेस घेतली. जास्तीचे एक स्थान मिळते ते दारू-तपासणीच्या डायसाठी, म्हणजे पुंगळीतील दारूची पातळी चाचपून ती कमी वा जास्त असल्यास दांडीच्या उंचीने, गजराने किंवा यंत्र अडवून इशारा देणाऱ्या साधनासाठी. परंतु आजवर त्यावाचून अडले नव्हते, या विचाराने ते साधन नंतर घेऊ असे ठरले आणि त्याच्या वाट्याचे, दारू व गोळी यांच्या स्थानांमधले तिसरे स्थान मोकळेच राहिले. पहिल्या काही बैठका सुरळीत गेल्या. त्यानंतरच्या एका संध्याकाळी ९ मिलिमीटरची काडतुसे भरताना पहिल्या स्थानावर हँडल दोनदा अडले, कारण ढिगात मिसळलेल्या वेगळ्या मापाच्या पुंगळ्या डायमध्ये शिरत नव्हत्या. आणि दोन्ही वेळा जुन्या सवयीने हँडल मागे घेतले गेले, नको ती पुंगळी काढली गेली आणि काम पुढे चालू झाले.

चकती सरकल्याने झालेल्या ज्या चुका डोळ्यांना दिसत होत्या त्या तत्काळ दुरुस्त झाल्या : चौथ्या स्थानावरची गोळी न बसताच पाचव्यावर गेली होती, ती परत आणून बसवली गेली. दिसणारी चूक सुधारल्याचे समाधान इतके पुरेसे वाटले की न दिसणाऱ्या चुकीचा विचारच झाला नाही. वस्तुतः तिचीही खूण मिळाली होती. पुंगळीचे तोंड फुलवण्याची आणि दारू सोडण्याची क्रिया एकाच स्थानावर, एकाच पोकळ नळीद्वारे होत असल्याने, जिच्यात दारू पडली नव्हती त्या पुंगळीचे तोंडही नीट फुलले नव्हते, आणि तिच्यावर ठेवलेली गोळी डगमगत होती. ती बोटाच्या टोकाने धरून डायमध्ये जाईपर्यंत सांभाळली गेली. तोंडावर न बसणारी गोळी हे नव्या यंत्राने सांगितलेले वाक्य होते; जुन्या हाताने ते ऐकण्याऐवजी दाबून टाकले.

पुढच्या आठवड्यात सरावाच्या मैदानावर एका बाराचा आवाज नेहमीसारखा कडाडला नाही, नुसती ‘पुक’ झाली आणि पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे दर बारानंतर मागेपुढे होऊन नवे काडतूस चढवणारा वरचा भाग, जागची हलली नाही. दारू नसली तरी एकट्या प्रायमरचा जोर गोळीला पुंगळीतून बाहेर ढकलून नळीत रुतवण्यास पुरतो, आणि अशा नळीत दुसरा बार उडाला तर मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. येथे सवयीने दुसऱ्यांदा घात करण्याचा प्रयत्न केला. पिस्तूल अडले की मॅगझिनच्या तळाला थाप मारून, स्लाइड हाताने मागे ओढून पुन्हा बार टाकायचा, हे स्पर्धक नेमबाजाच्या हाताला इतके घोटवलेले असते की विचारापूर्वी हात चालतो. स्लाइड ओढली गेली होती आणि नवे काडतूस चढले होते. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या रेंज अधिकाऱ्याने ‘स्टॉप’ अशी आरोळी दिली आणि बोट चापावरून सुटले. पिस्तूल रिकामे करून पाहिले असता गोळी नळीच्या पहिल्या इंचातच अडकलेली आढळली, आणि ती पितळी कांडीने ठोकून मागे काढावी लागली.

त्या संध्याकाळच्या काडतुसांपैकी दोनशेहून अधिक शिल्लक होती. रिकामे काडतूस तराजूवर हलके भरेल आणि वेगळे काढता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ९ मिलिमीटरमध्ये दारूचे माप बहुधा चार ते सहा ग्रेनच असते, आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनात कित्येक ग्रेनांचा फरक सहज असतो, त्यामुळे मिश्र पुंगळ्यांच्या ढिगात वजनावरून निवाडा करता येत नाही. सर्व काडतुसे हातोडीसारख्या उपकरणाने आपटून एकेक करून उकलणे हाच एक मार्ग उरला, आणि तसे केल्यावर दुसरे रिकामे काडतूस सापडले. हँडल दोनदा अडले होते, दोनदा मागे घेतले गेले होते, आणि रिकामी काडतुसेही दोनच होती. हिशेब चोख जुळला.

जुन्या यंत्राचे काय सोबत येते आणि काय येत नाही

प्रेस बदलताना पहिला प्रश्न सामग्रीचा असतो. डायच्या बाहेरील आटे बहुतेक प्रेसवर सात-अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला १४ या प्रमाणात असतात, त्यामुळे जुने डाय सहसा नव्या प्रेसवर चढतात. डिलनच्या स्क्वेअर डील बी सारख्या काही यंत्रांना मात्र स्वतःचेच वेगळे डाय लागतात. शेलप्लेट प्रत्येक उत्पादकाची व काडतुसाच्या प्रत्येक कुळाची निराळी असते, आणि तोंड फुलवून दारू सोडणारी नळी दारूमापाशी जुळणारीच असावी लागते.

डाय सोबत आले तरी त्यांची जुळणी सोबत येत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. प्रत्येक यंत्राच्या चौकटीची उंची आणि दाबाखाली होणारी तिची किंचित लवण वेगवेगळी असल्याने प्रत्येक डाय नव्याने बसवावा लागतो, आणि काडतुसाची एकूण लांबी व क्रिंप कॅलिपरने पुन्हा मोजून घ्यावे लागतात. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच आहे. परंतु गोळी नको तितकी खोल बसली तरी दाब वाढतो, म्हणून आपल्या गोळीसाठी छापील माहितीत दिलेली लांबीच प्रमाण मानावी. दारूच्या मापाबद्दल तर जुन्या यंत्राचा कोणताही आकडा वा खूण ग्राह्य धरू नये : दारूमाप शून्यापासून लावावे, छापील माहितीतील किमान प्रमाणापासून आरंभ करावा, दारू भांड्यात स्थिर होईपर्यंतची पहिली काही मापे परत ओतावीत, आणि नंतर लागोपाठ दहा मापे तराजूवर तोलून ती एकसारखी येतात याची खात्री झाल्यावरच काम सुरू करावे. तराजूही आधी प्रमाणित वजनाने तपासलेला असावा, आणि टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा.

शेलप्लेटचा मधला बोल्ट हा लहान पण निर्णायक भाग आहे. तो सैल राहिला तर पुंगळ्या झुकतात आणि प्रायमर कमी-अधिक खोल बसतात. फार आवळला तर चकती अडखळते, आणि अडखळणाऱ्या चकतीचे पर्यवसान कशात होते ते वर सांगितले आहे. आपोआप फिरणारी चकती शेवटी झटक्याने जागेवर बसत असल्याने आखूड व काठोकाठ भरलेल्या पुंगळीतून दारूचे कण उडतात, ते चकतीखाली साचतात आणि पुढे प्रायमरच्या वाटेत येतात. म्हणून हँडलची गती शेवटच्या टप्प्यात आवरती घ्यावी आणि यंत्र ब्रशने वरचेवर झाडावे.

नव्या हातासाठी नियम

पहिली बैठक दारू आणि प्रायमर यांच्याशिवाय व्हावी. रिकामी पुंगळी एकेक स्थानातून नेत, हँडल मुद्दाम अर्ध्यावर थांबवून मागे घेत, चकती कोणत्या क्षणी सरकते, दारूमापाची पट्टी कोणत्या क्षणी पुरी वळते आणि प्रायमर कोणत्या हालचालीत बसतो, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. आपले यंत्र कोठे चुकू शकते याचे ज्ञान पुस्तिका वाचण्यापेक्षा या अर्ध्या तासात अधिक होते. त्यानंतर दारू व प्रायमरसह एका वेळी एकच पुंगळी पूर्ण फेरीतून न्यावी, आणि अशी दहा-वीस काडतुसे मोजमापात उतरल्यावरच चकती पूर्ण भरावी.

हँडल अडले की त्यावर जोर लावू नये आणि ते विचार न करता मागेही घेऊ नये, प्रथम थांबावे. अडथळा काढल्यावर दुसऱ्या स्थानापासून पुढच्या सर्व पुंगळ्या चकतीवरून उतरवाव्यात, त्यांतील दारू परत ओतावी, ज्यांत गोळी बसली असेल त्या वेगळ्या डब्यात टाकाव्यात आणि रिकाम्या चकतीवर नव्याने सुरुवात करावी. चार-पाच पुंगळ्यांचा हा तोटा क्षुल्लक आहे, आणि त्यापुढे कोणती पुंगळी कोठे होती हे आठवण्याची गरजच उरत नाही. ज्या कामात दोनशे सारख्या वस्तू हाताखालून जातात, तेथे स्मरणशक्तीवर विसंबणे हाच धोका असतो.

गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावलेच पाहिजे, आणि त्यासाठी दारू स्पष्ट दिसेल असा छोटा दिवा यंत्राच्या चौकटीत बसवावा. तपासणीच्या डायसाठी स्थान असेल तर ते मोकळे सोडू नये. पण तो डाय डोळ्यांना पर्याय नाही, कारण त्याची जुळणीही माणसानेच केलेली असते. दारू निवडताना शक्य तेथे अशी निवडावी की तिचे एक माप पुंगळी अर्ध्याहून अधिक भरेल, म्हणजे दुसरे माप पडलेच तर ते बाहेर सांडून स्वतःच ओरडून सांगेल. .३८ स्पेशलसारखे काडतूस मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अधिक जागा घेणाऱ्या दारूच्या काळात घडले असल्याने त्याची पुंगळी प्रशस्त आहे, आणि आजच्या जलद दारूचे माप तिच्या तळाशी इतके थोडे दिसते की दुहेरी भरणाही तिच्यात निमूट मावतो. तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

प्रायमर हा एकमेव असा घटक आहे जो टेबलावरच उडू शकतो. यंत्राच्या नळीत शंभर प्रायमर एकावर एक रचलेले असतात, म्हणून ते अडल्यास कोणतीही वस्तू खुपसून जोर लावू नये, डोळ्यांवर संरक्षक चष्मा नेहमी असावा, आणि बसलेला प्रायमर पुंगळीच्या तळाच्या किंचित आत आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. .४५ एसीपीच्या पुंगळ्या मोठ्या व लहान अशा दोन्ही प्रायमरच्या मिळतात, आणि त्या आधी निवडून वेगळ्या केल्या नाहीत तर गतिमान प्रेसवर नेमक्या याच ठिकाणी हँडल अडते. काम शंभरांच्या गटांत करावे : शंभर प्रायमर संपले की शंभर काडतुसे मोजून जुळवावीत, दारूचे माप पुन्हा तोलावे, आणि डब्यावर तारीख, दारू व माप लिहून तो बंद करावा, म्हणजे पुढे शंका आली तर दोनशेऐवजी शंभरच काडतुसे उकलावी लागतात.

साठवणुकीबाबत अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे प्रचलित मानक घरात मूळ डब्यांतील २० पौंडांपर्यंत धूररहित दारू आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवू देते, आणि त्याहून अधिक दारूसाठी जाड लाकडी पेटी मागते. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, ते पाहून घ्यावेत. वापरलेल्या प्रायमरची आणि पुंगळ्या घासण्याच्या यंत्राची धूळ शिसेयुक्त असते, त्यामुळे कामाच्या जागी खाणेपिणे टाळावे, हात साबणाने धुवावेत आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये. थकलेल्या किंवा फोनवर बोलणाऱ्या माणसाने हँडलला हात लावू नये, हे सांगावे लागू नये. पण अडखळणे नेमके त्याच वेळी घडते.

या सर्व नियमांच्या मुळाशी एकच विचार आहे. यंत्र बदलले की चुका नाहीशा होत नाहीत, त्या जागा बदलतात, आणि हाताला मात्र जुन्या जागांचीच राखण करण्याची सवय असते. प्रोग्रेसिव्ह प्रेसची महती ती ताशी किती काडतुसे काढते यावरून सांगितली जाते. ते मोजमाप पहिल्या हजार काडतुसांपुरते तरी बाजूला ठेवावे आणि दर पुंगळीत डोकवावे, दर अडथळ्यावर चकती रिकामी करावी. मैदानावर बार ‘पुक’ असा वाजला, तर स्लाइडला हात न लावता पिस्तूल सुरक्षित दिशेने धरून थांबावे, नंतर ते रिकामे करावे आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचे काडतूस चढवू नये.